बीजक, ताळा आणि सौर पॅनेल : बाजारातील उघडपणाचा एक इतिहास

प्रस्तुत निबंधाचा विषय पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने सूर्यापासून वीज करणाऱ्या पॅनेलांच्या व्यापाराविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी अनाठायी दिसते. परंतु व्यापार हा जसा मालाचा तसाच शब्दांचाही व्यवहार आहे. माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्याच्याबरोबर काय सांगितले जाते, काय लपविले जाते आणि कोणत्या भाषेत लपविले जाते, याचा इतिहास शब्दांत साठलेला असतो. हा इतिहास सौर पॅनेलांच्या आजच्या प्रश्नास कितपत उपयोगी पडतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

निमित्त घोटीचे आहे. नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील हे गाव मुंबई-आग्रा मार्गावर वसले आहे. थळ घाटातून इगतपुरीपर्यंतचा लोहमार्ग 1865 मध्ये सुरू झाला आणि पुढे नाशिककडे जाणाऱ्या त्याच मार्गावर घोटीचे स्थानक आहे. सह्याद्रीच्या माथ्याजवळचा हा प्रदेश अतिपावसाचा, म्हणून भाताचा. आणि भाताचा म्हणून भातगिरण्यांचा. भोवतालच्या खेड्यांतील भात घोटीस येते, तेथे भरडले जाते आणि तांदूळ होऊन घाटाखाली व देशावर जाते. अलीकडे याच परिसरातील शेतांत व छपरांवर सौर पॅनेले दिसू लागली आहेत. शेतकरी त्यांना ‘सोलरच्या प्लेटा’ म्हणतो. आपला तांदूळ कोणत्या गावचा आणि कोणत्या वाणाचा हे घोटीचा जाणता माणूस दाणा हातात घेऊन सांगू शकतो. पण ती प्लेट कोठून आली असे विचारले, तर ‘कंपनीची’ याहून अधिक उत्तर मिळत नाही. या दोन उत्तरांमधील अंतर हाच प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

प्रथम जुन्या बाजाराकडे वळू. ‘दलाल’ हा शब्द मुळात अरबी असून वाट दाखविणारा, निर्देश करणारा असा त्याचा धात्वर्थ आहे. घेणाऱ्यास विकणारा दाखवावा आणि विकणाऱ्यास घेणारा, हे त्याचे काम. प्रत्यक्षात मात्र दाखविण्याचे काम करणाऱ्याच्या हाती लपविण्याची सत्ता आली. मराठी व्यापाऱ्यांमध्ये ‘नंदभाषा’ नावाची एक सांकेतिक बोली प्रचलित होती आणि आपल्या कोशांनी तिची नोंद केलेली आहे. तीत एकास केवली, दोहोंस अवारू, तिहींस उधानू अशी संख्यांची वेगळीच नावे होती. भाषाशास्त्रदृष्ट्या लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या बोलीचे व्याकरण सर्वस्वी मराठीच आहे. प्रत्यय तेच, क्रियापदांची रूपे तीच. बदलली ती मुख्यतः संख्यांची आणि पैशाची नावे. म्हणजे ज्या ठिकाणी माहिती ही संपत्ती होती, नेमक्या त्याच ठिकाणी भाषा झाकली गेली. शेतकरी शेजारी उभा राहून सर्व काही ऐकत असे आणि भाव तेवढा त्यास समजत नसे.

दुसरी रीत बोलण्याची नव्हे, स्पर्शाची होती. कापसाच्या व धान्याच्या अनेक बाजारांत अडत्या व खरेदीदार रुमालाखाली अथवा उपरण्याखाली हात घालून बोटांच्या दाबाने भाव ठरवीत. मराठीत ‘करपल्लवी’ हा शब्द या हस्तसंकेतांसाठी आहेच. सौदा सर्वांच्या डोळ्यांदेखत होई. तो कोणासही दिसत नसे. त्यातून जो भाव हाती येई त्यातूनही कडता, तोलाई, हमाली, धर्मादाय अशा नाना नावांनी कपात होई. वजनमापांची स्थितीही तशीच होती. पायली, मण आणि खंडी ही नावे सर्वत्र एक असली तरी त्यांचे मान गावोगाव भिन्न असे. नाव सारखे आणि वस्तू निराळी, हा अर्थविचाराच्या अभ्यासकास परिचित प्रकार बाजारात मात्र कोणाच्या तरी नुकसानीस कारण होत असे.

या अंधारावर इलाज म्हणून पहिले प्रयत्न झाले ते शिक्षेचे. मुंबई इलाख्यात कापसात सरकी, माती आणि पाणी मिसळण्याचा प्रकार इतका बळावला की 1829 मध्ये, आणि पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदी कापसाला एकाएकी मागणी आली असता 1863 मध्ये, कापसातील लबाडीविरुद्ध कायदे करण्यात आले. या कायद्यांची दृष्टी मुख्यतः शेवटच्या टप्प्यावर होती. गठ्ठा दाबखान्यात अथवा बंदरात आला की तो तपासावयाचा आणि दोषी सापडल्यास दंड करावयाचा. पण गठ्ठ्यात भेसळ कोणी केली, शेतकऱ्याने, फिरत्या खरेदीदाराने की जिनवाल्याने, हे गठ्ठा सांगू शकत नव्हता. मागचा माग ठेवलेलाच नसल्यामुळे शिक्षा कोणास करावयाची हा प्रश्न शिल्लकच राही.

दुसरा मार्ग वऱ्हाडात सुरू झाला. हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकुमाने 1886 मध्ये कारंजा येथील कापूस बाजार नियंत्रित करण्यात आला. देशातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचा उल्लेख होतो. पाठोपाठ 1897 मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. बाजाराची जागा निश्चित करावी, अडते व तोलारे यांस परवाना असावा, वसूल करावयाचे आकार ठरलेले असावेत, अशी ही रचना होती. तिच्या हेतूविषयी भ्रम नसावा. मँचेस्टरच्या गिरण्यांस शुद्ध कापूस वाजवी दराने मिळावा ही त्यामागील प्रेरणा होती. शेतकऱ्याची काळजी दुय्यम होती. समित्यांवर वर्चस्वही व्यापाऱ्यांचेच होते. मुंबई इलाख्यात 1927 मध्ये कापूस बाजारांचा कायदा झाला. 1928 मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, 1939 मध्ये मुंबईचा शेतमाल बाजार कायदा आला आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1963 चा कायदा. दरम्यान 1956 च्या कायद्याने दशमान वजनमापे आली आणि पायलीच्या जागी किलोग्रॅम आला. रुमालाखालच्या सौद्याची जागा उघड लिलावाने घेतली, आणि शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी पडू लागली.

या सर्व इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, केवळ अंतिम टप्प्यावरील तपासणीने बाजार सुधारत नाही. प्रत्येक हाताने आपल्या मागच्या हाताचे नाव लिहून ठेवावे लागते. दुसरी, शब्द आणि माप एक असल्याविना लिहिलेल्या नोंदीस किंमत नसते. तिसरी, सुधारणा ज्याच्या सोयीसाठी सुरू होते त्याच्यापुरतीच ती राहते असे नाही. परंतु दुर्बळाच्या हाती कागद आल्याशिवाय तिचा लाभ त्याच्यापर्यंत पोचत नाही. पुढे कायद्याने दिलेल्या बाजारांतही नव्या मक्तेदाऱ्या उत्पन्न झाल्या हे खरे आहे. त्यांच्याविरुद्ध भांडतानाही शेतकऱ्याच्या हाती जे साधन होते ते त्याच हिशोबपट्टीचे होते.

येथे भातगिरणीचा दृष्टान्त उपयोगी पडेल. निरनिराळ्या गावांचे भात गिरणीच्या तोंडाशी एकदा एकत्र पडले की बाहेर येणाऱ्या तांदळास गाव उरत नाही. दाण्यावर नाव लिहिता येत नाही. मग खरेखोटे कसे ठरवावे? व्यवहारात त्यास उत्तर आहे, ते म्हणजे ताळा. भाताच्या वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश तांदूळ उतरतो, उरलेले तूस, कोंडा व कणी. जितके भात आत गेले त्याच्या मानाने जितका तांदूळ बाहेर यावयास हवा त्याहून अधिक बाहेर आला, तर तो कोठून तरी नोंदीबाहेरून आला आहे, हे वहीच सांगते. गिरणीचे यंत्र मुके असले तरी वही बोलते.

आता सौर पॅनेलाकडे येऊ. त्याची सुरुवात होते ती गारगोटीपासून. घोटीहून सिन्नरला जाणाऱ्यांनी तेथील ‘गारगोटी’ नावाचे खनिज संग्रहालय पाहिले असेल. मराठीतील हा साधा शब्द ज्या खनिजाला लागतो तेच क्वार्ट्झ या उद्योगाचे मूळ द्रव्य. क्वार्ट्झ विजेच्या भट्टीत दगडी अथवा लाकडी कोळशाबरोबर तापवून त्यातून सिलिकॉन काढतात. ते रासायनिक रीतीने अतिशुद्ध केले की पॉलिसिलिकॉन होते. ते वितळवून लगड ओततात, लगडीच्या पातळ चकत्या कापतात, चकतीवर प्रक्रिया करून व चांदीच्या रेषा उमटवून सौरघट करतात आणि असे अनेक घट जोडून, वर काच व कडेने ॲल्युमिनियमची चौकट बसवून पॅनेल सिद्ध होते. म्हणजे किमान सहा टप्पे आणि बहुधा सहा निरनिराळे मालक. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2022 च्या अहवालानुसार या निर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा 80 टक्क्यांहून अधिक होता, आणि जगभर पॅनेलनिर्मितीसाठी लागणाऱ्या विजेपैकी 60 टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासून येत होती. त्याच अहवालाप्रमाणे पॅनेल घडविताना झालेल्या उत्सर्जनाची भरपाई ते पॅनेल 4 ते 8 महिन्यांत करते, आणि त्याचे आयुष्य 25 ते 30 वर्षांचे असते. तेव्हा सूर्याची वीज ढोंगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. हिशोब निश्चितपणे लाभाचा आहे. परंतु हिशोब लाभाचा आहे म्हणून वही बंद ठेवावी, हे कोणत्याही पेढीवर चालणार नाही.

वही बंद ठेवल्याने काय झाकले जाते, हे 2021 मध्ये जगापुढे आले. ब्रिटनमधील शेफील्ड हॅलम विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की जगातील सुमारे 45 टक्के पॉलिसिलिकॉन चीनच्या शिनजियांग प्रांतातून येत होते आणि तेथील उद्योगांचा संबंध उइगुर लोकांच्या सक्तीच्या श्रमाशी होता. चीनच्या सरकारने हे आरोप नाकारले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेने कायदा केला आणि तो जून 2022 पासून अमलात आला. त्या प्रांताशी संबंध असलेला माल सक्तीच्या श्रमाचाच आहे असे गृहीत धरावयाचे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार आयात करणाऱ्यावर टाकावयाचा, हे त्याचे तत्त्व. कापसाच्या 1863 च्या कायद्याहून हे पुढचे पाऊल आहे. कारण ज्याच्यापाशी मागचा कागद नाही त्याचा माल बंदरात अडतो, म्हणून कागद मागे मागे तयार होत जातो.

सक्तीचे श्रम हा दूरदेशीचा विषय मानण्याचा अधिकार मात्र आपणांस नाही. ‘वेठबिगार’ हा शब्दच पाहावा. ‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला, ‘बिगार’ हा फारसी. दोन भाषांतील एकाच अर्थाचे दोन शब्द जोडून मराठीने हा समास केला, इतकी ती वस्तू दोन्ही राजवटींत रूढ होती. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. तरीही 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातील कातकरी कुटुंबांची लहान मुले थोड्या पैशांच्या अथवा एखाद्या मेंढीच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे कामास दिली गेल्याचे उघडकीस आले, आणि ते उघडकीस आले ते एका दहा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर. त्या मुलांच्या श्रमाने वाढलेली मेंढी बाजारात आली तेव्हा तिच्याबरोबर कोणताही कागद नव्हता. घोटीच्या शेतात उभ्या असलेल्या पॅनेलाविषयी प्रश्न विचारताना ही आठवण ठेवणे अगत्याचे आहे. तिने आपली दृष्टी अधिक नम्र होईल, आणि कदाचित अधिक तीक्ष्णही.

आपल्याकडे या बाबतीत काहीच झालेले नाही, असे नव्हे. शासकीय सौर योजनांतील पॅनेलास रेडिओलहरींनी वाचता येणारी एक ओळखपट्टी बसविणे आवश्यक असते. तीत पॅनेल करणाऱ्याचे आणि सौरघट करणाऱ्याचे नाव, दोहोंचा निर्मितीचा महिना व वर्ष, दोहोंचा देश आणि पॅनेलाचा अनुक्रमांक इत्यादी माहिती असते. हे आजचे बीजकच होय. जुन्या मराठी व्यापारात मालाबरोबर जाणारा त्याच्या तपशिलाचा व किमतीचा कागद तो बीजक. केंद्र सरकारने 2019 मध्ये मान्यताप्राप्त उत्पादकांच्या यादीचा आदेश काढला आणि 2021 मध्ये पॅनेलांची पहिली यादी प्रसिद्ध केली. सौरघटांची यादी 1 जून 2026 पासून लागू करण्याचे पुढे ठरले, आणि चकत्यांसाठीही तसा प्रस्ताव 2025 मध्ये मांडण्यात आला. म्हणजे नोंदवही एकेक टप्पा मागे सरकत आहे. 2019 च्या ‘कुसुम’ योजनेत शेतीपंपांसाठी देशात झालेले घट व पॅनेले वापरण्याची अट घातली गेली.

यातील उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. ओळखपट्टीतील माहिती सौरघटापाशी थांबते. घटामागची चकती, चकतीमागचे पॉलिसिलिकॉन आणि त्यामागची गारगोटी यांविषयी ती मौन पाळते. आणि मुख्य प्रश्न तर त्याच टप्प्यांत आहेत, कारण चकत्या व पॉलिसिलिकॉन यांबाबत भारत बहुतांशी परदेशावरच अवलंबून राहिला आहे. दुसरे असे की या याद्यांचा हेतू मुख्यत्वे देशी उद्योगाचे संरक्षण हा आहे. 1886 च्या कारंजा बाजाराचा हेतू मँचेस्टरच्या गिरण्या हा होता, तसेच हे. हेतू मर्यादित आहे म्हणून साधन टाकून देऊ नये, हे तो इतिहास शिकवतो. आणि साधन हाती आले म्हणजे हेतू आपोआप व्यापक होतो असे नाही, हेही तोच शिकवतो. तिसरी उणीव भाषेची आहे. ती पट्टी वाचण्यास यंत्र लागते आणि वाचलेला मजकूर इंग्रजीत असतो. 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी किमतीचा दहावा हिस्सा भरतो, अनुसूचित जाती-जमातींचा शेतकरी विसावा. ज्याचा पैसा आहे, ज्याचे शेत आहे, ज्याला पुढील 25 वर्षे त्या वस्तूबरोबर काढावयाची आहेत, त्याला तिचे कूळ वाचता येत नाही. नंदभाषा हेतुपूर्वक झाकलेली होती. ही भाषा कोणी हेतूने झाकलेली नाही. पण शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने परिणाम तोच.

यावर असा आक्षेप येईल की पॉलिसिलिकॉन वितळताना निरनिराळ्या कारखान्यांचा माल एका मुशीत एकत्र होतो, तेव्हा त्याचा माग ठेवणे अशक्य आहे. भातगिरणीचा दृष्टान्त वर दिला तो याच आक्षेपासाठी. सांप्रत एका वॅटमागे सुमारे दोन ते अडीच ग्रॅम पॉलिसिलिकॉन लागते. पाच अश्वशक्तीच्या पंपास साधारणतः 4,800 वॅटची पॅनेले बसवितात. म्हणजे त्यांत सुमारे दहा ते बारा किलो पॉलिसिलिकॉन आहे. प्रत्येक कारखान्याने किती घेतले, कोणाकडून घेतले आणि किती मालात घातले याची वही ठेवली व ती तपासणीस खुली केली, तर ताळा जमतो की नाही हे कोणताही हिशोबनीस सांगू शकेल. दाण्यावर नाव लिहिण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. कागद वाढले की किंमत वाढेल आणि गरीब शेतकऱ्यास पॅनेल महाग पडेल, असे म्हणतात. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु बाजार कायद्यांच्या वेळीही हाच युक्तिवाद झाला असता तर त्यास उत्तर एकच होते: लपविण्याचाही खर्च असतो, आणि तो नेहमी ज्यास वाचता येत नाही त्याच्याकडून वसूल होतो. पॅनेल नादुरुस्त झाले आणि त्याचे कूळ ठाऊक नसले, तर हमीचा दावा कोणावर करावयाचा? हा प्रश्न नीतीचा नसून सरळ व्यवहाराचा आहे.

साखळीचे दुसरे टोकही विसरता कामा नये. 2022 च्या ई-कचरा नियमांत, जे 1 एप्रिल 2023 पासून अमलात आले, सौर पॅनेलांचा समावेश झाला. निकामी पॅनेलांचा व घटांचा साठा 2034-35 पर्यंत उत्पादकांनी नोंद ठेवून सांभाळावा, असे त्यांत म्हटले आहे. आज बसलेली पॅनेले त्या मुदतीनंतर मोठ्या संख्येने निकामी होतील. तेव्हा त्यांत कोणती द्रव्ये आहेत आणि ती परत घेण्याची जबाबदारी कोणाची, हे ज्या कागदावरून ठरावयाचे तो कागद आजच लिहिला गेला पाहिजे. शिसे व चांदी असलेली काच घोटीच्या भातखाचरात फुटून पडली आणि मालकाचे नाव मिळाले नाही, तर त्या वेळी संशोधन करून उपयोग होणार नाही.

वरील विवेचनावरून सुचणारी गोष्ट लहान आहे. शासकीय साहाय्याने बसणाऱ्या प्रत्येक सौर पंपाबरोबर शेतकऱ्यास मराठीत छापलेले एक पानी बीजक द्यावे. त्यात पॅनेल, घट, चकती व पॉलिसिलिकॉन यांचे निर्माते आणि देश, हमीची मुदत, आणि निकामी पॅनेल परत घेणाऱ्याचे नाव असावे; ज्या टप्प्याची माहिती पुरवठादाराने दिली नाही तेथे ‘माहिती दिली नाही’ असे स्पष्ट लिहावे. रिकाम्या रकान्याची लाज ही बाजारात फार परिणामकारक ठरते. असे बीजक ग्रामपंचायतीत लावले, तर कोणाच्या मालाचे रकाने भरलेले आहेत आणि कोणाचे रिकामे, हे गाव आपोआप पाहील. या योजनेत पुरवठादार निवडण्याचा अधिकार शेतकऱ्यासच असल्यामुळे त्या पाहण्याला अर्थ आहे.

कारंजा लाड येथे, म्हणजे जेथे 1886 मध्ये पहिला बाजार नियंत्रित झाला त्याच गावाजवळ, समृद्धी महामार्गालगत 2025 मध्ये सौर वीज निर्माण होऊ लागली. तोच महामार्ग पश्चिमेकडे इगतपुरीच्या बाजूस घोटीच्या परिसरातून उतरतो. कारंजाच्या बाजारात रुमाल दूर करण्यास कायदा, समिती, तराजू आणि कागद ही चारही साधने लागली, आणि त्यांपैकी शेतकऱ्याच्या घरी गेला तो फक्त कागद. सौर पॅनेलाच्या बाबतीत पहिली तीन साधने हळूहळू सिद्ध होत आहेत. चौथे अद्याप त्याच्या हाती पडावयाचे आहे.